तेलविहिरीशेजारच्या वस्तीत आरोग्याचा धोका कसा मोजायचा

समजा, तेलविहिरीजवळच्या एका घरामागे चोवीस तास हवा गोळा केली आणि प्रयोगशाळेने बेन्झीन (कच्च्या तेलात असलेलं, कर्करोगाला कारणीभूत ठरणारं रसायन) ६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असल्याचं कळवलं. तासाभराच्या संपर्कासाठी कॅलिफोर्निया राज्याने ठरवलेली संदर्भ पातळी, म्हणजे जिच्या आत त्रास अपेक्षित नाही ती पातळी, २७ आहे. अहवालात 'पातळीपेक्षा कमी' असा शेरा पडतो आणि फाइल बंद होते. पण तेवीस तास २ मायक्रोग्रॅम आणि पहाटेच्या एकाच तासात १०० असलं, तरी सरासरी ६ च येते. त्या तासात घरातली माणसं संदर्भ पातळीच्या जवळपास चौपट बेन्झीन श्वासातून घेत होती आणि कागदावर त्याचा मागमूसही नाही.

तेल-वायूच्या विहिरींजवळची मोजणी बहुतेक वेळा इथेच फसते. यंत्र ठीक असतं, प्रयोगशाळाही ठीक असते. हवा चुकीच्या दिवशी, चुकीच्या बाजूला किंवा चुकीच्या कालावधीसाठी घेतलेली असते. म्हणून या लेखात यंत्रांच्या आधी वेळापत्रक येतं.

उदाहरणासाठी अमेरिकेतलं कोलोराडो राज्य घेतलं आहे. डेन्व्हरच्या उत्तरेला वॉटनबर्ग तेलक्षेत्रावर वेल्ड काउंटी, ब्रूमफिल्ड, ईरी इथल्या नव्या वसाहती आणि विहिरी एकमेकींना खेटून वाढल्या, त्यामुळे या प्रश्नावरची मोजणी तिथे खोलवर झाली. घर आणि विहीर यांच्यातलं सक्तीचं अंतर तिथे बराच काळ ५०० फूट, म्हणजे जेमतेम १५२ मीटर होतं. राज्याच्या आरोग्य खात्याने करून घेतलेला धोका-अभ्यास २०१९ मध्ये आला. विहीर तयार होत असतानाच्या काही टप्प्यांत २,००० फुटांपर्यंत अल्पकालीन पातळी ओलांडली जाऊ शकते, असं त्यात दिसलं. २०२० च्या अखेरीस नियम २,००० फुटांचा, म्हणजे ६१० मीटरचा झाला. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या कायद्यात हेच अंतर ३,२०० फूट आहे.

भारतात अंकलेश्वर, मेहसाणा, आसामचे तिनसुकिया-दिब्रुगड हे पट्टे, कृष्णा-गोदावरी आणि कावेरीचं खोरं इथे जमिनीवरच्या विहिरी शेताला आणि घराला लागून आहेत. मुंबई हायच्या विहिरी समुद्रात आहेत, पण त्यांचं तेल-वायू उरणला उतरतं. तिथे ड्रिलिंगचा भाग वगळून हीच पद्धत प्रकल्पाच्या कुंपणाला लागू करता येते.

पहिलं काम: विहिरीची दिनदर्शिका

विहीर ही एकच गोष्ट समजून मोजायला गेलात तर चुकाल. तिचे टप्पे वेगळे आणि प्रत्येक टप्प्याची घाण वेगळी.

जागा सपाट करताना धूळ आणि डिझेलचा धूर. ड्रिलिंग करताना इंजिनांचा धूर, शिवाय भोक पाडताना खाली सोडायचा चिखल तेलावर आधारित असेल तर जमिनीतून वर येणाऱ्या गरम चिखलाची वाफ. ब्रूमफिल्डमध्ये वासाच्या तक्रारींचा माग या चिखलापर्यंत पोचला होता. फ्रॅकिंगच्या, म्हणजे प्रचंड दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याच्या, वेळी डझनभर डिझेल पंप एकदम चालतात, म्हणून नायट्रोजन डायऑक्साइड, काजळी आणि आवाज. त्यानंतर फ्लोबॅक: खडकात दाबलेलं पाणी तेल आणि वायूसह उलटं वर येतं. ते उघड्या किंवा नीट बंद न झालेल्या टाक्यांत घेतलं तर बेन्झीन, टोल्यूइन, झायलीन यांचे सर्वांत मोठे झोत याच काळात निघतात. हा टप्पा काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा असतो आणि मोजणीवाले हमखास तो उलटून गेल्यावर पोचतात.

उत्पादन मात्र वीस-तीस वर्षं चालतं. या काळात लक्ष ठेवायचं ते टाकीच्या माथ्यावरच्या झाकणावर. त्याला तिथली माणसं थीफ हॅच म्हणतात. रबर झिजलं की ते चोवीस तास फुसफुसत राहतं. त्याखालोखाल वायूतलं पाणी काढणारा ग्लायकॉल डिहायड्रेटर, कारण ग्लायकॉल पाण्याबरोबर बेन्झीनही शोषतं आणि तापवल्यावर ते हवेत सोडतं. मग कंप्रेसर, टँकर भरण्याची जागा आणि फ्लेअर, म्हणजे नको असलेला वायू जाळणारी ज्योत.

एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये तारीखवार रकाने करा: कुठल्या पॅडवर (विहिरी खणायला सपाट केलेल्या जागेवर), कुठली विहीर, कुठला टप्पा, सुरुवात, शेवट. कोलोराडोत नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर हे बहुतांशी मिळतं. भारतात पर्यावरण खात्याच्या 'परिवेश' पोर्टलवर मंजुरीची कागदपत्रं आणि सहामाही अनुपालन अहवाल पाहा. एक अडचण आहे: जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने शोधविहिरी ब-२ श्रेणीत गेल्या, त्यामुळे त्यांच्यासाठी सविस्तर पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी असेलच असं नाही. तिथे गावातल्याच कुणाला तरी रोजची नोंद ठेवायला बसवावं लागतं: ड्रिलिंगचा मनोरा, म्हणजे रिग, उभी राहिली, ज्योत पेटली, टँकरांची रांग लागली, वास आला, वेळ काय. ही वही पुढे यंत्रांइतकीच उपयोगी पडते.

नकाशा

पॅडच्या मध्यापासून १५०, ३००, ६०० आणि १,६०० मीटरची वर्तुळं काढा. त्यांत घरं, शाळा, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आणि हातपंप भरा. (मराठीत दोन्हींना विहीरच म्हणतात. तक्त्यात 'तेवि' आणि 'पावि' असे वेगळे संकेत ठेवा, नाहीतर महिन्याभरात गोंधळ होतो.) बेन्झीनची इतर ठिकाणंही खूण करून ठेवा: पेट्रोलपंप, महामार्ग, वीटभट्टी, कचरा जाळण्याची जागा.

एका घराभोवती अनेक विहिरी असतील तर अंतराच्या व्यस्तांची बेरीज करतात. ३०० मीटर, ५०० मीटर आणि १ किलोमीटरवर एकेक विहीर असेल तर किलोमीटरमध्ये ३.३ + २ + १ = ६.३. दुसऱ्या घराला २०० मीटरवर एकच विहीर असेल तर ५. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत हाच आकडा वापरतात, कारण लाखभर घरांपुढे यंत्रं लावता येत नाहीत. पण त्याला टप्पा कळत नाही. फ्लोबॅकमधली एक विहीर आणि पंधरा वर्षं जुनी, जेमतेम चालणारी विहीर त्याच्या लेखी सारखीच. घरं निवडायला हा आकडा वापरा, निष्कर्ष काढायला नको.

पूर्वस्थिती

विहीर येण्याआधीची हवा मोजलेली नसेल तर नंतरच्या प्रत्येक आकड्यावर 'हे आधीपासूनच होतं' हा आक्षेप येतो, आणि त्याला उत्तर नसतं. कोलोराडोच्या नियमात काम सुरू होण्याआधी १० दिवस आणि उत्पादन सुरू झाल्यावर ६ महिन्यांपर्यंत हवा मोजण्याची सक्ती आहे. आधीचे १० दिवस आमच्या मते फार थोडे. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीवर झाकणासारखा बसतो, उन्हाळ्यात दुपारी सगळं वर उधळलं जातं. एकाच ऋतूची पूर्वस्थिती दुसऱ्या ऋतूत लंगडी पडते. जमल्यास दोन ऋतूंत दोन-दोन आठवडे मोजा.

विहीर आधीच उभी असेल तर तुलनेसाठी दुसरी वस्ती शोधा: किमान ३-४ किलोमीटर दूर, स्वयंपाकाचं इंधन सारखं, रस्त्याची वर्दळ सारखी. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या गावाची तुलना गॅसवाल्या गावाशी केलीत तर चुलीचं बेन्झीन विहिरीच्या खात्यावर जमा होईल.

हवा: तीन थर आणि एक वातकुक्कुट

एकाच यंत्राने सगळं मिळत नाही. सतत चालणारं यंत्र झोत कधी आला ते सांगतं, कॅनिस्टर, म्हणजे हवा भरून घ्यायचं भांडं, त्या झोतात काय होतं ते सांगतो आणि शोषक नळ्या वर्षाची सरासरी देतात. तिन्हींना वाऱ्याच्या नोंदीशिवाय अर्थ नाही.

आधी वारा. आदर्श उंची १० मीटर. ते जमत नसेल तर गच्चीवर २-३ मीटरच्या खांबावर लावा, पण आजूबाजूच्या भिंती आणि झाडं वाऱ्याला वळवत नाहीत ना ते पाहा. नोंद दर मिनिटाची हवी. वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी असला की दिशेवर विश्वास ठेवू नका. अशा नोंदी 'शांत हवा' म्हणून वेगळ्या काढा, फेकू नका. कारण सर्वांत वाईट तास बहुधा याच नोंदींत सापडतात: रात्री ते पहाट, वारा पडलेला, थंड हवा उतारावरून ओघळत सखल भागात साचलेली. अशा वेळी वाऱ्याच्या गुलाबचित्रात (कुठल्या दिशेने किती वेळ वारा आला ते दाखवणाऱ्या आकृतीत) सुरक्षित दिसणारं खोलगटातलं घर सगळ्यात जास्त भोगतं.

सतत मोजणीसाठी पीआयडी, म्हणजे फोटो-आयनायझेशन पद्धतीचं यंत्र, सर्वसाधारणपणे वापरतात. त्याच्या १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दिव्याला मिथेन, इथेन आणि प्रोपेन दिसतच नाहीत; बेन्झीन आणि झायलीन चांगले दिसतात. पडद्यावरचा आकडा आयसोब्युटिलीन या वेगळ्याच वायूच्या हिशेबात असतो, कारण यंत्र त्यावर जुळवलेलं असतं. तो बेन्झीनचा आकडा म्हणून कुणी छापला तर तो अहवाल तिथेच बाजूला ठेवावा. दमट हवेत पीआयडीची संवेदना घटते आणि पहाटे तापमान बदललं की शून्य सरकतं, म्हणून खोटा झोत नेमका खऱ्या झोताच्या वेळीच दिसू शकतो. आठवड्याला एकदा शून्य हवा (प्रदूषक नसलेली) आणि प्रमाणित वायू देऊन तपासा. तपासणीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही लिहा.

पीआयडीचा खरा उपयोग बंदुकीच्या चापासारखा. पहिल्या आठवड्याच्या नोंदी घ्या, त्यांतल्या वरच्या एक टक्क्याची सीमा काढा आणि पातळी मिनिटभर त्यावर राहिली की कॅनिस्टरची झडप आपोआप उघडेल अशी जोडणी करा. ब्रूमफिल्डमध्ये २०१८ पासून चाललेल्या मोजणीत अशा आपोआप उघडणाऱ्या कॅनिस्टरांनीच झोतांचं रसायन पकडलं.

कॅनिस्टर म्हणजे आतून निष्क्रिय थर दिलेलं, पूर्ण निर्वात केलेलं ६ लिटरचं स्टीलचं भांडं. त्यातली हवा प्रयोगशाळा ईपीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, टीओ-१५ पद्धतीने तपासते. पायऱ्या अशा:

१. प्रयोगशाळेकडून प्रत्येक भांड्याच्या स्वच्छतेचा दाखला घ्या. दहा भांड्यांमागे एकाचा दाखला चालतो असं सांगतील. बेन्झीनच्या कमी पातळ्या मोजायच्या असतील तर तो पुरत नाही.

२. जागेवर नेल्यावर तोंडाला झाकण ठेवूनच झडप उघडा आणि पाच मिनिटं काटा बघा. काटा हलला म्हणजे जोड गळतोय.

३. सुरुवातीचा निर्वात लिहा. समुद्रसपाटीवर काटा उणे ३० इंच पाऱ्याच्या आसपास हवा. कोलोराडोतल्या ग्रीलीसारख्या सुमारे १,४०० मीटर उंचीच्या गावात मात्र पूर्ण रिकामं भांडंही उणे २५ च दाखवतं, कारण बाहेरचाच दाब कमी असतो. हे माहीत नसल्यामुळे चांगली भांडी 'गळकी' म्हणून परत पाठवली जातात.

४. चोवीस तासांच्या नमुन्यासाठी समुद्रसपाटीवर फ्लो कंट्रोलर मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटरवर लावलेला हवा: सहा लिटरपैकी पाच लिटर, १,४४० मिनिटांत. तासाभराचा नमुना हवा असेल तर मिनिटाला ८० च्या आसपास. कंट्रोलर जागेवर फिरवून जुळवायचा नसतो, प्रयोगशाळेकडूनच तसा मागवायचा.

५. बंद करताना ३ ते ५ इंच निर्वात उरलेला हवा. काटा शून्यावर पोचला असेल तर भांडं कधी भरलं ते कळायला मार्ग नाही. रात्री अकरालाच भरलं असेल तर पहाटेचा झोत त्यात नाहीच. असा नमुना चोवीस तासांचा म्हणून वापरू नका.

नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरून येऊ नये, अत्तर आणि डास पळवायचा फवारा टाळावा आणि भांड्यावर मार्कर पेनने लिहू नये. झायलीनचा एक गूढ आकडा मार्करमधूनच येऊ शकतो. तोंड जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, भिंतीपासून किमान एक मीटर दूर. जनरेटर, गॅरेज, चूल आणि देवघराची खिडकी यांच्यापासून लांब. उदबत्तीच्या धुरातही बेन्झीन असतं.

शोषक नळ्या स्वस्त, विजेशिवाय चालणाऱ्या आणि चौदा दिवस टांगायच्या. ईपीएच्या ३२५ क्रमांकाच्या पद्धतीत त्यात कार्बोपॅक एक्स हा शोषक पदार्थ भरलेला असतो. मध्यम वस्तीला ८ ते १२ जागा पुरतात. वर्षाला २६ फेऱ्या होतात. दर दहा नळ्यांमागे एक जोडनळी त्याच खांबाला आणि एक कोरी नळी, जी नेतात, टोपण काढून लगेच लावतात आणि परत आणतात. कोऱ्या नळीत बेन्झीन निघालं तर वाहतुकीत किंवा साठवणीत घोळ आहे. पंधरा दिवसांत वारा फिरतो, म्हणून 'वाऱ्यावरची' आणि 'वाऱ्याखालची' बाजू अशी पक्की वाटणी करता येत नाही. अमेरिकेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठीच्या नियमात यावर सोपी युक्ती आहे: कुंपणाभोवतीच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांतला फरक घ्यायचा. या फरकाची वार्षिक सरासरी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की कारखान्याला कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. विहिरींच्या पॅडलाही ही युक्ती जमते.

बाकीच्या वायूंबद्दल थोडक्यात. फ्रॅकिंगच्या काळात नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्या वेगळ्या लावा. पीएम २.५ (अतिसूक्ष्म धूळकण) मोजणारे लेझर सेन्सर चालतील, पण धुक्यात आणि ८५ टक्क्यांवरच्या आर्द्रतेत ते पाण्याचे थेंब धूळ म्हणून मोजतात. आधी दोन आठवडे प्रदूषण मंडळाच्या यंत्राशेजारी ठेवून फरक काढा. हायड्रोजन सल्फाइडसाठी कामगारांच्या खिशातलं चार वायूंचं यंत्र वस्तीला उपयोगाचं नाही. ते १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) पायऱ्यांनी मोजतं, आणि कॅलिफोर्नियाची तासाभराची पातळी ४२ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०३ पीपीएम आहे. उलट १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, त्यामुळे 'वास गेला' म्हणजे धोका गेला असं कधीही समजू नये. वायूत गंधक असलेल्या क्षेत्रात नमुने घेणाऱ्यांनी ते खिशातलं यंत्र स्वतःच्या जिवासाठी लावावंच.

हे बेन्झीन विहिरीचंच कशावरून?

प्रयोगशाळेला बेन्झीनबरोबर इथेन, प्रोपेन, दोन्ही पेंटेन आणि अॅसिटिलीन मोजायला सांगा. आयसोपेंटेन भागिले साधं पेंटेन हे गुणोत्तर वॉटनबर्गच्या वायूत ०.९ च्या आसपास येतं; पेट्रोलच्या वाफेत आणि वाहनांच्या धुरात ते २ च्या वर असतं. अॅसिटिलीन जळण्यातून येतं. बेन्झीन वाढलं, इथेन-प्रोपेनही वाढले आणि अॅसिटिलीन हललं नाही, तर बोट तेलक्षेत्राकडे जातं. मात्र प्रत्येक क्षेत्राच्या वायूचं गुणोत्तर वेगळं असतं. अंकलेश्वरला कोलोराडोचा आकडा लावू नका. तिथल्या सेपरेटरजवळच्या (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीजवळच्या) हवेचा एखादा नमुना घेऊन स्थानिक ठसा काढा.

हिशेब

पहिली अडचण एककांची. २५ अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाला बेन्झीनचा १ पीपीबी (अब्जात एक भाग) म्हणजे ३.१९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. उंचावरच्या पातळ हवेत प्रत्यक्षात तो २.७ च्या जवळ असतो. प्रयोगशाळेने कुठला दाब धरला ते विचारा आणि सगळीकडे एकच ठेवा.

दुसरी अडचण 'आढळलं नाही' या शब्दांची. आयुष्यभराच्या श्वसनातून दहा लाखांत एक जादा कर्करोग, या धोक्याला बेन्झीनची पातळी ०.१३ ते ०.४५ मायक्रोग्रॅम लागते. प्रयोगशाळेची मोजण्याची खालची मर्यादाच ०.५ पीपीबी, म्हणजे १.६ मायक्रोग्रॅम असेल तर 'आढळलं नाही' या शेऱ्यातून काहीच सिद्ध होत नाही. करार करण्याआधी ही मर्यादा लेखी घ्या, ०.१ पीपीबीपेक्षा मोठी असेल तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.

आता तीन वेगवेगळे हिशेब, आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

अल्पकालीन: सर्वांत वाईट तासाची पातळी भागिले तासाभराची संदर्भ पातळी. बेन्झीन ६० असेल तर ६० ÷ २७ = २.२. एकाच्या वर गेलं म्हणजे माणूस आजारी पडलाच असं नाही. सुरक्षिततेसाठी ठेवलेलं अंतर खाल्लं गेलं, असा त्याचा अर्थ.

दीर्घकालीन, कर्करोगाव्यतिरिक्त: एकाच अवयवावर परिणाम करणाऱ्या रसायनांची गुणोत्तरं बेरजेत घ्या. समजा ट्रायमिथाइलबेन्झीन एकत्रित ३६ आणि झायलीन ५० मायक्रोग्रॅम आहेत. ईपीएच्या पातळ्या अनुक्रमे ६० आणि १००. गुणोत्तरं ०.६ आणि ०.५, दोन्ही एकाच्या आत. पण दोन्ही मज्जासंस्थेवर काम करतात, म्हणून बेरीज १.१. एकेक रसायन तपासून 'सगळं ठीक' म्हणणारे अहवाल इथे उघडे पडतात.

कर्करोग: वार्षिक सरासरीला ईपीएच्या बेन्झीनसाठीच्या दोन गुणकांनी, दहा लाखांमागे २.२ आणि ७.८ ने, गुणा. सरासरी २ असेल तर आयुष्यभराचा जादा धोका दहा लाखांत ४.४ ते १५.६. दूरच्या वस्तीत ०.८ असेल तर विहिरीच्या वाट्याला १.२ येतात, म्हणजे २.६ ते ९.४. दोन्ही टोकं छापा. आपल्याला सोयीचं तेवढं एकच टोक छापणं ही कंपन्यांची आणि चळवळींची, दोघांचीही खोड आहे. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात बेन्झीनची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. ती पाळली गेली तरी याच गुणकांनी धोका ११ ते ३९ येतो, हेही लिहा.

या तीन हिशेबांचं नातं कोलोराडोच्याच गारफिल्ड काउंटीतल्या अभ्यासात स्वच्छ दिसतं. लिसा मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अर्ध्या मैलाच्या आतली आणि बाहेरची घरं ताडून पाहिली. कर्करोगाचा जादा धोका दहा लाखांत १० विरुद्ध ६. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. विहीर पूर्ण करण्याच्या काळातला कर्करोगाव्यतिरिक्तचा निर्देशांक मात्र आत ५ आणि बाहेर ०.२. ज्याने फक्त आयुष्यभराची सरासरी काढली असती, त्याच्या हातून हा दुसरा आकडा निसटला असता.

पाणी

कोलोराडोत ड्रिलिंगच्या आधी अर्ध्या मैलातल्या चारपर्यंत पाण्याच्या स्रोतांचे नमुने घ्यावे लागतात, मग ६ ते १२ महिन्यांनी आणि पुन्हा पाचएक वर्षांनी. सिमेंट आणि केसिंगमधले (विहिरीच्या पोलादी नळातले) दोष उशिरा बोलतात, म्हणून ही पाचएक वर्षांनंतरची फेरी महत्त्वाची. क्लोराइड, एकूण विरघळलेले क्षार, बेरियम, स्ट्राँशियम, ब्रोमाइड, बेन्झीन गट आणि विरघळलेला मिथेन मोजा. भारतीय मानकात क्लोराइड २५० आणि बेरियम ०.७ मिलिग्रॅम प्रति लिटर. मिथेन १० मिलिग्रॅमच्या वर गेला की लक्ष ठेवा. २८ च्या आसपास पाणी मिथेनने संपृक्त होतं आणि बंद पंपघरात स्फोटाचा धोका उभा राहतो. मिथेन दलदलीतूनही येतो, म्हणून तो सापडला तर इथेन आणि कार्बनचा समस्थानिक ठसा तपासायला पाठवा. नमुना घेताना पंप पुरेसा चालवून नळीतलं जुनं पाणी काढून टाका आणि बाटलीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला की मिथेन आणि बेन्झीन त्यात निघून जातात.

आवाज

डेसिबल ए (कानाच्या संवेदनेप्रमाणे खालची पट्टी कमी धरणारं माप) आणि डेसिबल सी (खालची पट्टीही धरणारं) दोन्ही मोजा. कंप्रेसरची घरघर 'ए' मापात कमी भरते, पण झोप तीच मोडते. दोन्हींत १५-२० चा फरक असेल तर खालच्या पट्टीचा आवाज आहे असं समजा. भारतात निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ए आहे. मोजणी झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेर, किमान तीन रात्री.

माणसं

लक्षणांची प्रश्नावली सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त ती बिघडते. 'विहिरीमुळे डोकं दुखतं का?' असं विचारलंत की उत्तर ठरलं. प्रश्नावलीचं नाव 'कुटुंब आरोग्य पाहणी' असू द्या, गेल्या दोन आठवड्यांपुरतंच विचारा आणि दूरच्या वस्तीतही त्याच माणसांकरवी विचारा. डोकेदुखी, नाकातून रक्त, घसा, डोळ्यांची आग, दमा, झोप यांच्या मधे विहिरीशी संबंध नसलेलं एखादं दुखणं पेरा, दातदुखी चालेल. जवळच्या वस्तीत दातदुखीही दुप्पट निघाली तर लोक मनातली भीती सांगत आहेत, आणि बाकीचे आकडेही त्या मानाने कमी धरावे लागतात. सर्वांत भरवशाची पद्धत रोजनिशीची: घरोघर लोकांनी रोजची लक्षणं लिहायची, यंत्रांचे आकडे त्यांना दाखवायचे नाहीत आणि शेवटी दोन्ही एकमेकांवर ठेवायचे.

लघवीतून बेन्झीन तपासायचं असेल तर एस-पीएमए हे, शरीरात बेन्झीनपासून तयार होणारं द्रव्य मोजा. बेन्झीनपासूनच होणारं म्युकोनिक आम्ल टाळा; पाकिटबंद खाण्यातल्या सॉर्बिक आम्लाने ते वाढतं. दोन्ही धूम्रपानाने वाढतात, म्हणून कोटिनीनची (शरीरात निकोटिनपासून होणाऱ्या द्रव्याची) चाचणी सोबत हवीच. एस-पीएमए नऊएक तासांत अर्धं होतं. झोताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना घेतला नाही तर तो घेऊ नका, पैसे वाचवा.

कर्करोग मात्र एका गावात मोजता येत नाही, हे गावकऱ्यांना आधीच सांगावं लागतं. मुलांमधला रक्ताचा कर्करोग ढोबळमानाने लाखात चार-पाच दरवर्षी. गावात ५०० मुलं असतील तर दहा वर्षांत अपेक्षित रुग्ण ०.२. एक मूल आजारी पडलं की दर 'पाचपट' होतो; एकही पडलं नाही तर 'शून्य'. दोन्हींतून काही कळत नाही. असे प्रश्न लाखो जन्मांच्या नोंदींवरच सुटतात. पेनसिल्व्हेनियातल्या ११ लाख जन्मांच्या २०१७ च्या अभ्यासात फ्रॅकिंगच्या विहिरीपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. गावाच्या पातळीवर करता येण्यासारखं म्हणजे जन्मवजन आणि बाळंतपणाचा आठवडा यांची नोंद आशाताईंच्या वहीतून तारखेसह जपणं, म्हणजे पुढच्या मोठ्या अभ्यासात ती लागू पडेल.

पातळी ओलांडली तर

हे आधी ठरवून लेखी ठेवायचं, झोत आल्यावर नाही. पीआयडीचा इशारा आला की पंधरा मिनिटांत वस्तीतल्या एकाने पॅडवर काय चाललंय ते वेळेसह लिहायचं, फोटो काढायचा आणि कुंपणाच्या आत जायचं नाही. प्रयोगशाळेने अहवाल पाठवेपर्यंत न थांबता, बेन्झीन २७ च्या वर निघाल्यास त्याच दिवशी फोन करावा, अशी अट करारात घाला. चालक कंपनी आणि प्रदूषण मंडळ यांना एकाच मेलमध्ये तारीख, तास, वाऱ्याची दिशा आणि भांड्याचा क्रमांक कळवायचा. कंपनीकडून त्या तासाची कामाची नोंद मागा: टाकी भरत होती का, झाकण उघडलं होतं का. झाकणाचं रबर बदलल्यावर त्याच खांबावर पुन्हा दोन आठवडे नळी टांगा.

आणि विहीरच अनावर झाली, जसं २७ मे २०२० ला आसामच्या बागजानमध्ये झालं, तर मोजणी बाजूला ठेवून वस्ती वाऱ्याच्या आडव्या दिशेने हलवा. तिथे गळती सुरू झाल्यावर तेरा दिवसांनी आग लागली आणि ती पूर्ण विझायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. अशा वेळी खांबावरच्या नळ्या काढायला परत जाऊ नका. त्या नंतर उतरवा आणि उतरवल्याची खरी तारीख लिहा. सरासरीचा कालावधी तेवढा वाढवून धरता येतो.